फ्यूज कोणी उडवला?

१४ मार्च, शनिवार. सकाळ.

एकतीस वर्षं वाटाणे गोठवायच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. एकतीस वर्षांत एकही माणूस दगावला नाही. (हॅरिसनचं बोट तुटलं, ते यात धरायचं नाही. त्याला लेखी सूचना दिली होती.) काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला आणि पुनर्रचना झाल्याचं सांगितलं. पुनर्रचनेत मी नाही. बशी पाहिली तेव्हाच ओळखायला हवं होतं. आपल्या माणसाला कुणी बशी देत नाही.

निरोपाची भेट म्हणून अग्निशामक मिळाला. स्टीलचा. वर नाव कोरलेलं : रॉडनी कटफोर्थ, सुरक्षित सेवेची एकतीस वर्षं.

विश्वासघात क्रमांक एक.

संकल्प : कुढत बसायचं नाही. टर्बाइनवर चालणारी मोटारसायकल बांधायची. घरच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी. ३१ ऑगस्टला, बँक हॉलिडेच्या सुट्टीच्या सोमवारी, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर ‘आणाल ते पळवा’ नावाची स्पर्धा असते. नियम एकच : जे घेऊन याल ते पळवायचं. वेग मोजून कागद देतात. मला ताशी शंभर मैलांचा कागद हवा. अख्खा कारखाना तिथे बघायला येतो. साहेबसुद्धा.

लॉरेनला सांगितलं. म्हणाली, छान. आणि शेडचं छप्पर गळतंय ते आधी बघशील का? बायकोचा पूर्ण पाठिंबा आहे.

१५ मार्च, रविवार.

मर्विन मम्बी आला. कारखान्यातला फिटर, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. यंत्रं चालती ठेवायचं काम त्याचं, माणसं चालती ठेवायचं माझं. एकतीस वर्षांची दोस्ती. माझ्या शेडमध्ये दोन खिळे आहेत. एकावर माझा कप, दुसऱ्यावर त्याचा : जाडा, निळ्या पट्ट्यांचा, कान तुटून चिकटवलेला. बाहेरच्यांसाठी वरच्या फळीवर एक कपबशी आहे. वर्षातून एकदा पाद्रीबाबा येतात तेव्हा ती काढतो. बशी हातात दिली की माणूस पंधरा मिनिटांत उठतो.

आराखडा दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. हं म्हणाला. मर्विनचे ‘हं’ तीन प्रकारचे असतात. मला तिन्ही ओळखता येतात. हा कौतुकाचा होता.

जाताना म्हणाला, रॉडनी, शेडला वीज येते ती स्वयंपाकघरातल्या एका प्लगवरून. त्या प्लगमध्ये तेरा ॲम्पियरचा फ्यूज. एका वेळी एकच काहीतरी मोठं चालेल बरं का. म्हटलं, सुरक्षेचं माझ्यावर सोड. त्याने सोडलं.

२१ मार्च, शनिवार.

भंगारवाल्याकडून ट्रकचा टर्बो आणला. मोठ्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा आहे. आत पात्यांचं चक्र, मिनिटाला लाखभर फेरे मारणारं. कल्पना साधी आहे, म्हणूनच कुणाला सुचत नाही : एका बाजूने वारा कोंबायचा, चक्र फिरायला लागलं की नळकांड्यात रॉकेल सोडायचं, ठिणगी द्यायची. ते पेटलं की त्याच्याच जोरावर चक्र फिरत राहतं. तो झोत पुढच्या मोठ्या चक्रावर सोडायचा आणि तिथून चेनने मागचं चाक.

रॉकेल जाळायला नळकांडं हवं होतं. माझा अग्निशामक कापायला घेतला. मर्विनने विचारलं, ह्याच्यात आग लावायची? म्हटलं, आगीची सवय असलेलं भांडं आहे. 

तो एवढंच म्हणाला, की चक्र स्वतःच्या जिवावर फिरेपर्यंत वारा थांबता कामा नये. मध्येच थांबला तर आग जागेवरच ठाण मांडते आणि पाती वितळतात. म्हटलं, वारा कशाला थांबेल? आमच्या लिंकनशरमध्ये एवढी एकच गोष्ट फुकट आणि अखंड मिळते.

४ एप्रिल, शनिवार.

आज मी वेल्डिंग केलं. (हात मर्विनचे.)

२२ एप्रिल, बुधवार.

लॉरेनचा वाढदिवस. पाचोळा उडवायचा ब्लोअर भेट दिला. विजेवरचा, तीन हजार वॅट. तिने कागद काढला, बराच वेळ बघत राहिली. आनंदाने खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. शेवटी विचारलं, की एप्रिलमध्ये पाचोळा आणायचा कुठून, शेजाऱ्यांकडून मागून? बायकांना दूरदृष्टी नसते.

संध्याकाळी तो तिच्याकडून उसना घेतला. टर्बोच्या तोंडात असा बसतो, की जणू त्यासाठीच बनवलाय.

२ मे, शनिवार.

इंजिन चालू करायची चेकलिस्ट केली. अकरा मुद्दे. प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावली. अपघात होत नाहीत, चेकलिस्ट न पाळणारे लोक ते घडवून आणतात.

१. किटली लावणे. २. डोळ्यांवर चष्मा. ३. शेजारच्या टॉयनबाईंचे कपडे दोरीवर नाहीत ना, पाहणे. ४. ब्लोअर चालू. ५. रॉकेल. ६. ठिणगी. वगैरे.

किटली मुद्दाम पहिली. शेडमधली विजेची, आईची जुनी आहे, उकळायला सात मिनिटं घेते. इंजिन थांबेपर्यंत चहाचं पाणी तयार पाहिजे. विजयानंतर पाणी उकळायची वाट बघत ताटकळण्यासारखा अपमान नाही.

मर्विनने यादी वाचली. पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवून तोंड उघडलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, यादीत बदल हवा असेल तर फॉर्म नंबर सात भरून द्यायचा, लेखी. कारखान्यात हाच नियम होता, म्हणून तर एकतीस वर्षांत एका माणसाने एक बदल सुचवला नाही. त्याने तोंड मिटलं. शिस्त अशी लावावी लागते.

१० मे, रविवार.

टर्बोचा नट घट्ट केला. दोन्ही हातांनी, पाय रोवून. पूर्ण घट्ट झाला आणि निघून हातात आला. मर्विन म्हणतो, त्याला उलटे आटे असतात, उजवीकडे फिरवला की सुटतो. उलटे आटे! माणसांचं एक वेळ समजू शकतो, पण नटाने असं वागावं?

विश्वासघात क्रमांक तीन. (दुसरा कुठला ते आठवत नाही. पण होता.)

१६ मे, शनिवार.

रॉकेलचा प्रश्न सुटला. घर तापवायच्या बॉयलरच्या टाकीत रॉकेलच तर असतं! मे महिन्यात घर तापवतो कोण? नळी लावून चार डबे काढले. लॉरेनला सांगून उगाच काळजीत टाकलं नाही.

३० मे, शनिवार.

पहिली चाचणी. इंजिन अंगणातल्या बाकावर आवळलेलं. मुद्दा एक ते अकरा, मोठ्याने वाचत. किटली, चष्मा, दोरी, ब्लोअर. मर्विन ब्लोअर धरून उभा, मी रॉकेलच्या चावीवर. ठिणगी दिली. पेटलं! चक्र गरगरायला लागलं. शिट्टीसारखा सूर चढत चढत गेला, आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने ब्लोअर बंद.

मागून पाच फूट ज्वाळा. नळकांडं लालबुंद. मर्विनने उडी मारून रॉकेल बंद केलं. (मीही करणारच होतो.) पलीकडून टॉयनबाईंचा आवाज आला. या मला तिसरीत शिकवायच्या, आता त्र्याऐंशीच्या आहेत, आवाज अजून तिसरीतलाच आहे. म्हणाल्या, कटफोर्थ, माझ्या उशीच्या अभ्र्यावर हे काळं काय आहे? हात बघू तुझे.

प्लगमधला फ्यूज उडाला होता. जुनाच होता. नवा टाकला. किटलीतलं पाणी कोमट.

६ जून, शनिवार.

दुसरी चाचणी. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. नवाकोरा फ्यूज!

शांतपणे विचार केला. शेडची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगला. स्वयंपाकघरात कोण? लॉरेन. तिला विचारलं, की तू प्लगला हात लावलास का. म्हणाली, मी शेंगा सोलतेय. म्हटलं, एवढा वेळ? म्हणाली, वाटाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलीस आणि शेंग सोलायला किती वेळ लागतो ते ठाऊक नाही होय रे तुला? हे उत्तर नव्हे. ही टाळाटाळ. नोंद केली.

मर्विन मध्येच किटलीविषयी काहीतरी म्हणत होता. माणूस चहाचा फार लोभी. म्हटलं, लेखी दे.

७ जून, रविवार.

मर्विनने खरंच फॉर्म नंबर सात भरून आणून दिला. अक्षर टपोरं, समासही सोडलाय. समाधान वाटलं. कुणीतरी पद्धत पाळतं. शिक्का मारला, सही केली, फाइलला लावला.

१३ जून, शनिवार. दुपार.

चालली!!

चव्वेचाळीस सेकंद! ब्लोअर बाजूला घेतला तरी चालत राहिली. आवाज काय सांगू. आधी शिट्टी, पुढे किंकाळी, नंतर असं काहीतरी जे कानाला नाही, दातांना ऐकू येतं. टॉयनबाईंची मांजर सफरचंदाच्या झाडावर चढली ती अजून खाली आलेली नाही. बंद केल्यावर अंगणात एवढी शांतता झाली, की आम्ही दोघे नुसते उभे. मर्विनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दोघेही लगेच दुसरीकडे बघायला लागलो.

तो म्हणाला, ऑगस्टला आपण जाऊ रे. ‘आपण’ म्हणाला.

चहाला मात्र वीस मिनिटं उशीर झाला. किटली बंदच होती. मी स्वतः लावली होती! बटण कसं वर गेलं कोण जाणे. मर्विन म्हणाला, हं, जुनी झालीये. ह्या घरात आता किटलीवरसुद्धा विश्वास ठेवायची सोय नाही.

१५ जून, सोमवार.

यशाचं कारण शोधून काढलं. शनिवारी लॉरेन चर्चच्या विक्रीत केक विकायला गेली होती. ती घरात असते, तेव्हा फ्यूज जातो. ती नसते, तेव्हा जात नाही. याला पुरावा म्हणतात.

२० जून, शनिवार.

लॉरेन आंघोळीला गेली आणि किंचाळली. पाणी बर्फासारखं. बॉयलर बंद, टाकी रिकामी. मी समजावून सांगितलं, की विज्ञानाने नेहमीच त्याग मागितलेला आहे. ती टॉवेल गुंडाळून जिन्यात उभी होती. म्हणाली, तुझ्या विज्ञानाने माझी आंघोळ मागितलीये, रॉडनी.

विषय निघालाच होता म्हणून फ्यूजचा पुरावाही समोर मांडला. तारीखवार.

२१ जून, रविवार.

लॉरेन स्केगनेसला बहिणीकडे गेली. थोडे दिवस, म्हणाली. बरोबर हिवाळी कोट नेलाय. जून महिना आहे. विसरभोळी.

विश्वासघात क्रमांक सहा. पण शास्त्रीयदृष्ट्या उत्तम. आता घरात कुणीच नाही, फ्यूजला हात लावणारं कुणी उरलं नाही.

२७ जून, शनिवार. संध्याकाळ.



चौथी चाचणी, लॉरेन घरात नसताना. गेल्या वेळी किटलीने दगा दिला, म्हणून या वेळी तिला माझ्या शेजारी घेतलं आणि बटण स्वतः अंगठ्याने दाबून धरलं. मर्विन म्हणाला, ती राहू दे ना रे आज. म्हटलं, मुद्दा क्रमांक एक. ब्लोअर, रॉकेल, ठिणगी, शिट्टी... अर्ध्या मिनिटाने फ्यूज!

लॉरेन स्केगनेसमध्ये. स्वयंपाकघरात माशी नाही. म्हणजे उरला कोण?

कागद घेऊन मर्विनची रीतसर चौकशी केली. ब्लोअर कुणाच्या हातात होता? म्हणाला, माझ्या. फ्यूज गेला तेव्हा दर वेळी हजर कोण होतं? म्हणाला, मी. (मीही होतो, पण मी अधिकारी.) तो किटलीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. विचारलं, माझा फॉर्म वाचलास का? म्हटलं, विषय बदलू नकोस. म्हणाला, रॉडनी, एकदा फक्त त्या फाइलमध्ये... मी म्हटलं, फाइलमध्ये काय आहे ते मला सांगतोस? फाइल माझी आहे! एकतीस वर्षं दोस्त म्हणून शेडमध्ये घेतलं, खिळा दिला, आणि तू माझंच इंजिन जाळायला बसलास? अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

मर्विन उठला. नळावर गेला. स्वतःचा कप धुतला. फडक्याने पुसला, आतून, बाहेरून, कानाला जपून. आणि घेऊन गेला.

क्रमांक सात. यापुढे मोजणार नाही.

४ जुलै, शनिवार.

मर्विनच्या खिळ्यावर मोजपट्टी टांगली. जागा वाया का घालवायची?

एकट्याने काम केल्याने वेग वाढतो. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आज एक बोल्ट बसवला.

१५ जुलै, बुधवार.

वाटाण्याचा हंगाम. शेतातून कारखान्याकडे ट्रक धावताहेत, वळणावर वाटाणे सांडताहेत. दर वर्षी या दिवसांत मर्विन आणि मी डबल शिफ्ट करायचो. तो पट्ट्यांना तेल द्यायचा, मी निसरडं असल्याची पाटी ठेवायचो.

कुंपणावरून सहज नजर गेली. (खुर्चीवर चढून.) मर्विन टॉयनबाईंच्या गॅरेजात! बाईंची ती म्हातारपणी दुकानात जायची बॅटरीवरची स्कूटर आहे, पुढे टोपली असलेली, ती उघडून बसलाय. बाई म्हणत होत्या, मम्बी, हिला जरा दम आण, लायब्ररीपर्यंत जाईतो पुस्तक परत करायची तारीख उलटते. आणि तो हसला. मोठ्याने. माझ्या शेडमध्ये तो असा कधी हसल्याचं आठवत नाही. वीज! बॅटरी! माणसाने पडावं, पण किती?

२५ जुलै, शनिवार.

चाचणी. फ्यूज. तोडफोड करून मर्विन गेला त्याचे परिणाम अजून भोगतोय.

८ ऑगस्ट, शनिवार.

इंजिन मोटारसायकलवर चढवलं. चेन मी बसवली, हातही माझेच. चाक फिरतं. उलटं फिरतं, पण फिरतं.

९ ऑगस्ट, रविवार.

उलटं बसवलेलं उलटं केलं. आता सुलटं. मर्विनला हे जमायला तीन दिवस लागले असते. (त्याने मुळात उलटं बसवलंच नसतं, हे खरं.)

लॉरेनला फोन केला. ३१ तारखेला, सोमवारी, धावपट्टीवर येईन म्हणाली. सँडविच आणू का विचारलं. बायको माफ करायला तयार आहे, मीही आहे.

३० ऑगस्ट, रविवार.

सगळी तयारी झाली. घरी एकदाही धड चालली नाही, ते उत्तमच झालं. दोष होता तो घराच्या वायरिंगमध्ये आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्यांमध्ये. धावपट्टीवर ना स्वयंपाकघर, ना घरभेदी. पेट्रोलवरचा जनरेटर भाड्याने आणलाय, तीन हजार वॅटचा. ब्लोअरला बरोबर पुरतो.

सामान : मोटारसायकल, जनरेटर, ब्लोअर, रॉकेल, हेल्मेट, चेकलिस्ट, किटली.

साहेबांचा चेहरा कसा होईल याचा विचार करत बसलो. झोप यायला हरकत नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार.

जे घडलं तेवढंच लिहितो.

धावपट्टीवर हजारभर माणसं. कुणी गवत कापायचं यंत्र पळवत होतं, कुणी सोफा. साहेब बायकोमुलांसह आले होते, मला बघून हात केला. लॉरेन आली. अंड्याची सँडविचं आणि थर्मास भरून चहा. किटली बघून म्हणाली, अरे, ही कशाला? चहा आणलाय मी, गरम आहे. म्हटलं, चेकलिस्ट आहे, लॉरेन. आयत्या वेळी मुद्दे गाळायचे नसतात.

माझ्याआधी टॉयनबाईंचा नंबर. होय! त्र्याऐंशी वर्षांच्या, हेल्मेट घालून, टोपलीत लायब्ररीची तीन पुस्तकं. मर्विनने स्कूटरला ढकललंसुद्धा नाही. बाई आवाज न करता गेल्या आणि आवाज न करता परत आल्या. ताशी एकोणीस पूर्णांक चार मैल. लोक उभे राहून ओरडत होते.

माझा नंबर पुकारला. मर्विन माझ्याकडे आला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. टोपी हातात. म्हणाला, रॉडनी, मला शिव्या दे हव्या तर, पण एकच ऐक, ती किटली... मी हात वर केला. म्हटलं, स्पर्धेच्या दिवशी मी विरोधी गटाशी बोलत नाही.

मुद्दा एक : किटली जनरेटरला लावली. मुद्दा दोन. मुद्दा तीन. (धावपट्टीवर दोरी नव्हती, तरी पाहिलं.) गाडीवर घोडेस्वारासारखं बसून ब्लोअरचं बटण दाबलं, रॉकेल सोडलं, ठिणगी दिली. शिट्टी सुरू झाली. हजार माणसं पुढे सरकली. सूर चढला. शंभर मैल! आणि जनरेटर खोकला. एकदा. पुन्हा एकदा. ब्लोअर थंड.

आग जागेवर बसली. पाती वितळल्याचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. मेणबत्ती विझवताना होतो तसा, पण मोठा. नळकांडं तापून आधी लाल, मग पिवळं. त्यावर कोरलेलं माझं नाव हजार माणसांना वाचता येईल इतकं झळकलं. सुरक्षित सेवेची एकतीस वर्षं.

मी चावीपर्यंत पोचायच्या आत मर्विन पोचला होता. त्याने रॉकेल बंद केलं, मला काखेत धरून उतरवलं, फेस मारून आग विझवली आणि पुन्हा टोपी घातली.

पुढचा नंबर खोळंबला होता, म्हणून गाडी ढकलत पलीकडे न्यावी लागली. एका बाजूने लॉरेन, एका बाजूने मर्विन, मागून साहेब. घड्याळ चालूच होतं. मला कागद मिळाला. ताशी दोन पूर्णांक एक मैल.

टॉयनबाई स्कूटरवरून शेजारी येऊन थांबल्या. म्हणाल्या, कटफोर्थ, दुसऱ्याने लिहिलेलं आधी नीट वाचावं, मग आपलं उत्तर लिहावं. हे तुला तिसरीत सांगितलं होतं.

किटलीतलं पाणी कोमट. थर्मासमधला चहा मी घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

१ सप्टेंबर, मंगळवार.

अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. रकाना चार : अपघाताचं कारण. लिहिलं : घातपात. संशयित : म. मम्बी. घरी त्याने फ्यूज घालवले, धावपट्टीवर जनरेटर बिघडवला असणार. जवळ आला होताच. घरी परत आलेल्या लॉरेनने वाचलं. म्हणाली, रॉडनी, तो तुला आगीतून काढत होता. म्हटलं, ते नंतर.

ती म्हणाली, पुरावा जोड की. तुझ्या फाइलमध्ये असेलच.

५ सप्टेंबर, शनिवार.

पुरावा शोधायला फाइल उघडली.

फॉर्म नंबर सात. तारीख ७ जून. अर्जदार : मर्विन मम्बी. सुचवलेला बदल, टपोऱ्या अक्षरात, समास सोडून : मुद्दा क्रमांक एक काढावा. किटली आणि ब्लोअर एका वायरवर चालणार नाहीत. दोन्ही मिळून अर्ध्या मिनिटात फ्यूज उडवतात. चहा नंतर करू. मी करीन.

खाली माझा शिक्का : वाचले. योग्य ती कारवाई केली. सही, आर. कटफोर्थ. सही झोकदार आली आहे.

त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात, नंतर कधीतरी लिहिलेलं : १३ तारखेला मी किटली बंद केली होती. चालली बघ. म.

हे त्याने फाइलमध्ये लिहून ठेवलं. तोंडाने सांगता येत नव्हतं? एकतीस वर्षांचा दोस्त, आणि ढळढळीत माहीत असून... सांगता येत नव्हतं?

(६ जून. २७ जून. ३१ ऑगस्ट. तो किटलीचं सांगत होता, हे डायरीत मीच लिहिलंय. आत्ता चाळून पाहिलं.)

आज आणखी काही लिहीत नाही.

६ सप्टेंबर, रविवार. दुपार.

मर्विनकडे गेलो. माफी मागायला नव्हे. फॉर्म नंबर सातची पोच द्यायची राहिली होती. नियमाने ती सात दिवसांत देतात.

तो टॉयनबाईंच्या गॅरेजात होता, स्कूटरची चाकं काढून. भिंतीवर दोन नवे खिळे. एकावर बाईंचा कप, फुलांचा. दुसऱ्यावर निळ्या पट्ट्यांचा.

पोच दिली. त्याने वाचली, चार घड्या घातल्या, खिशात ठेवली. हं म्हणाला. हा कुठला ‘हं’ ते मला ओळखता आलं नाही.

म्हटलं, हवा बरी आहे. म्हणाला, उद्या पाऊस सांगितलाय. म्हटलं, शेडमध्ये तुझा खिळा रिकामा आहे. (मोजपट्टी सकाळीच काढली होती.) तो चाकाकडे बघत राहिला. म्हणाला, आलायस तर बस ना. चहा घे.

किटली लावण्याआधी त्याने स्कूटरच्या चार्जरचा प्लग काढून ठेवला. पाणी तीन मिनिटांत उकळलं.

मग स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून एक कप काढला, फडक्याने पुसला, आणि मला चहा दिला.

बशीसकट.